इमान नव्हतं ते

लष्कराच्या साहेबांना मी आधी आमची मोरी दाखवली. नांदेडच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची होती आणि दारात साध्या कपड्यातले, ताठ पाठीचे दोघं उभे. "पाणी भरपूर हाय, पण मटण चालणार न्हाई," असं मी जिन्यातच बजावलं. मोठ्या साहेबांनी शांतपणे ओळखपत्र काढलं. त्यांना खोली नको होती; आमच्या लेकीला भेटायचं होतं.

लेक तेव्हा सहावीत. गच्चीवर कुरडया राखत बसली असताना तिला विष्णुपुरीच्या बाजूला आभाळात काहीतरी चपटं, चकचकीत जाताना दिसलं. गल्लीतल्या वार्ताहरानं ते पेपरात छापलं आणि पोरांनी तिचं नावच 'तबकडी' ठेवलं. "ए तबकडी, उतर की खाली!" ती खेळायला जाईनाशी झाली. मला म्हणायची, "पप्पा, दिसलं ते दिसलं. कुणीतरी खरं माना ना!" म्हणून साहेब आल्याचं कळताच वेणी घालून समोर येऊन बसली.

साहेब उत्तरेकडचे. दुभाषी अर्थात मी. आपल्या हिंदीवर आम्हा नांदेडकरांचा भारी भरवसा.

"पूछिए, क्या देखा?"

लेक म्हणाली, "विमान नव्हतं ते."

माझं लहानपण हिमायतनगरकडच्या खेड्यात गेलं. तिकडं विमानाला इमानच म्हणत, आणि घाई झाली की माझी जीभ अजून गावाकडं पळते. मी ठसक्यात सांगितलं, "साब, छोकरी बोलती, इमान नहीं था."

साहेबांच्या कानाला ईमान म्हणजे प्रामाणिकपणा. पेन थांबलं. "ईमान नहीं था? यानी झूठ बोला था?"

मी 'झूठ' ऐकलंच नाही. "हाव साब, बिलकुल नहीं था!"

लेक ताडकन उठली. "पप्पा, तुम्ही थांबा! अंकल, हवाई जहाज नै था, ऐसा बोलरी मैं. झूठ नै बोली!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी खुर्ची तेवढी तिच्याकडं वळवली. "हवा किधर की थी, बेटा?"

"कुरडई पे साडी डाले थे ना, वो इधर उडरी थी. और वो चीज उधर गई. आवाज बी नै, धुआं बी नै."

वाऱ्याच्या उलटं गेलं म्हणजे फुगा नव्हे, हे माझ्याही डोक्यात तेव्हा शिरलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. निघताना फाटकाशी गल्लीतली पोरं गोळा झाली होती, त्यांच्यादेखत ते म्हणाले, "वो क्या था, हमें भी नहीं मालूम. पर तुमने ठीक देखा."

ते काय होतं, आम्हाला पुढं कुणी कळवलं नाही. लेक आता लांब नोकरीला. कुरडया आम्ही दोघंच घालतो, आणि राखायच्या नावाखाली मी आभाळाकडं बघत बसतो. त्या संध्याकाळी मात्र ती धाडधाड जिना उतरून खेळायला पळाली, तो आवाज अजून कानात आहे.

ती गेल्यावर साहेबांच्या कपबशा उचलत बायको म्हणाली, "लेकीला चांगलं तोंड दिलंय देवानं. पुढच्या बारीला तुम्ही नुसता चहा द्या."