व्हर्डेलच्या दोन फुल्या

माझी शेजारीण व्हर्डेल एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाक करायची. मी निदान तिसरीपर्यंत शिकले, तिला तर अक्षरओळखही नव्हती. तिची पोर रूबी रोज चार मैल चालत आमच्या काळ्यांच्या शाळेत जायची. गोऱ्या पोरांची बस तिच्या अंगावर चिखल उडवत पुढं जायची.

चर्चमध्ये आमच्यातल्याच वकिलानं आमच्या पोरांनाही बस मिळावी म्हणून कोर्टात द्यायचा अर्ज आणला. व्हर्डेलनं सहीच्या जागी फुली मारली. दुसऱ्या दिवशी तिची मालकीण एक कागद पुढं करत म्हणाली, "इथंही एक मार." व्हर्डेलला वाटलं, दोन कागद म्हणजे दुप्पट जोर. पण तो कागद नाव मागं घेण्याचा होता!

कोर्टात जज्जानं दोन्ही कागद दाखवले. "यातला तुझा कोणता?"

"फुल्या दोन्ही माझ्याच, साहेब."

खाली गोरे खदाखदा हसले. वर काळ्यांसाठीच्या गॅलरीत आम्ही माना खाली घातल्या.

"अगं, मग तुला हवंय तरी काय?"

ती गांगरली. "ज्या कागदानं माझी पोर शाळेत धड पोचेल, तो माझा."

जज्जानं तिचं नाव दाव्यात ठेवलं.

बाहेर वकील म्हणाला, "मावशी, आता नुसत्या बसवर भागत नाही. या दाव्यात आपण आता गोऱ्यांचीच शाळा मागतोय. रूबी त्यांच्या वर्गात बसेल."

"अरे देवा! हे मला कुणी सांगितलं होतं?" ती माझ्याकडं वळली. "हेटी, तिथं तिच्याशी बोलणार कोण गं?"

"आधी नाव राहिलं ते बघ."

"राहिलं खरं. पण आता हसू की रडू, तेवढं सांग."