दोन ते तीन कुणी बघायचं नाही

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी. नवरा, बाथरूममध्ये, चाकांच्या खुर्चीवर. नर्सिंग ब्युरोतून येणारे काका, त्याला आंघोळ घालत. आणि माझी मोठी नणंद, चेंबूरहून आलेली, हॉलमध्ये, मांडीवर पोह्यांची बशी.

अशी नोंद करायची सवय मला तीन वर्षांपूर्वी लागली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नवरा कमिटीवर होता. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून बघायला चढला आणि उतरताना शिडीवरून त्याचा पाय सुटला. मानेचा मणका गेला. छातीखाली काही कळत नाही, काही हलत नाही. हात कोपरातून वाकतात, बोटांत पकड नाही. मान मात्र पूर्ण चालते. हॉस्पिटलातून घरी आणला त्या दिवशी मी वही सुरू केली. कूस कधी बदलली, लघवीची पिशवी कधी रिकामी केली, पाठ कुठे लाल दिसली, कोण आलं, कोण गेलं. वही नसती तर माझं काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. तसा वेळ मी ठेवलेलाच नाही.

त्या रविवारी नणंदेला समुद्र बघायचा होता.

त्याचं असं झालं होतं की नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला व्हीआरचा चष्मा दिला होता. डोक्याला पट्ट्याने बांधायचा, डोळ्यांवर डबा, कानांत आवाज. त्यात त्यांनी मनोरीच्या किनाऱ्याचं चित्रण घालून दिलं होतं, स्वतः जाऊन केलेलं. लग्नानंतर आम्ही दर थंडीत मार्व्याहून फेरीबोट पकडून मनोरीला जायचो, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तो रडला. नंतर रोज दुपारी काका त्याला चष्मा बांधून द्यायचे आणि तो तासभर बसायचा. मी वहीत लिहायचे: दोन ते तीन, समुद्र.

"मला पण दाखव गं तुमची मनोरी," नणंद म्हणाली. मी म्हटलं, आधी मी लावून बरोबर सुरू करते, मग तुम्हाला देते. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता. मी हॉलमध्येच, तिच्यासमोर उभी राहून चष्मा लावला. शेवटचं बघितलेलं आपोआप पुढे सुरू झालं.

समुद्र नव्हता. मी एका बेडरूमच्या कोपऱ्यात होते, खुर्चीच्या उंचीवर. खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं. एक बाई पलंगावर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मागून दार वाजलं, म्हणून मी वळले, तर खरंच मागे दार होतं आणि एक माणूस आत येत होता. तो माझ्या इतक्या जवळून गेला की मी अंग चोरलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तिनेही नाही. दोघं कुठल्याशा परक्या भाषेत काहीतरी घरगुती बोलले, तिने चादर बाजूला सारली, आणि पुढे काय होणार हे मला कळलं. मी खाली बघितलं. खाली माझं अंग नव्हतं. रिकामी खुर्ची होती.

मी चष्मा काढला. नणंद समोर पोहे खात होती.

"चार्जिंग संपलंय," मी म्हटलं.

"तुझ्याकडे? तुझ्याकडे चार्जिंग संपतं?" ती हसली. "आता पंचांगच बदलायला हवं."

बाथरूममधून काका त्याला घेऊन बाहेर आले. नवऱ्याने माझ्या हातातला चष्मा बघितला, मग माझं तोंड. काका टॉवेल घेऊन उगाच त्याचे कान पुसत राहिले, ते आधीच कोरडे होते.

नणंद जेवून चार वाजता गेली. तिने आणलेला डबा धुवून पुसून मी पिशवीत दिला. मग काकांना किचनमध्ये बोलावून विचारलं. ते मालवणकडचे, साठीला आलेले. त्यांचे वडील गिरणीत होते आणि ते स्वतः वीस वर्षं लोकांचे आजारी वडील उचलतायत. ओशाळले नाहीत. "वैनी, तेचां तां तेका," ते म्हणाले. "मी पट्टो बांधतंय नि भायर बसतंय."

मला राग आला होता, हे लिहायला हवं. पण राग कशाचा ते नीट सापडेना. असलं काही पुरुष बघतात हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. राग बहुधा समुद्राचा होता. त्याच्या खोलीत मी कॅमेरा लावला आहे. एकदा काका खाली मेडिकलमध्ये गेले असताना त्याची नळी मुडपली, लघवी तुंबली, रक्तदाब एवढा चढला की मी योगायोगाने लवकर घरी आले नसते तर तो गेलाच असता. असं त्याच्या आजारात होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा आणला आणि स्वतः दोन स्क्रू मारून भिंतीला बसवला. घाटकोपरच्या ऑफिसात बसून मी फोनवर त्याला दिवसभर बघते. दुपारी डबा खाताना मी तो फोन टेबलावर उभा करून ठेवायचे. आम्ही तिघी बायका जेवायला एकत्र. मी त्यांना दाखवायचे, बघा, मनोरीला गेलाय. आणि तो चष्मा घालून डोकं हळूहळू इकडून तिकडे वळवायचा आणि एक जण म्हणायची, किती शांत दिसतो गं चेहरा.

म्हणजे तो त्या दोघांना बघत होता आणि आम्ही तिघी भेंडीची भाजी खात त्याला बघत होतो.

संध्याकाळी काका गेल्यावर मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. भांडायचं नाही असं ठरवलं होतं. समजून घ्यायचं, मग काय ते ठरवायचं, ही माझी पद्धत. मी विचारलं, त्यात आहे काय. तो आधी म्हणाला, जाऊ दे ना. मग म्हणाला, तुला खरंच ऐकायचंय की वहीत लिहायचंय? मी वही बाजूला ठेवली.

मग तो बोलला, बराच वेळ बोलला. अपघातानंतर एका दमात इतकं तो मेडिक्लेमवाल्यांशीच बोलला होता.

त्याने दुसऱ्या प्रकारचंही बघितलं होतं, ज्यात बघणारा स्वतः त्यातला पुरुष असतो. खाली बघितलं की कुणाचं तरी धड असतं, पाय असतात, हात असतात. ते आपल्याला न विचारता हलतात. त्याला ते दोन मिनिटंही बघवलं नाही. ज्याचं अंग चालतं त्याला ते आपलं वाटत असेल, तो म्हणाला, मला तर कुणीतरी माझ्या जागी बसलंय असं वाटलं.

"यात मी खुर्चीत असतो," तो म्हणाला. "हलायचं नसतंच यार. हललो तर पकडला जाईन. सगळ्या जगात हा एकच धंदा आहे जिथे माझं हे असं बसणं बरोबर आहे."

मला हसू आलं. त्यालाही आलं.

मग त्याने मला त्यातल्या खुब्या सांगितल्या, एखाद्या मिस्त्रीने भिंत समजावून सांगावी तशा. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका उंच हवा. वर गेला तर आपण माळ्यावर ठेवलेलं सामान. सुरुवातीची दहा मिनिटं काही घडता कामा नये. चादरी, पाण्याचा नळ, फोन कुठे ठेवलास. त्या दहा मिनिटांत माणूस त्या घरात रुजतो. ती कापली तर पुढचं सगळं कसरत होऊन बसतं. आवाज जिथला तिथे राहायला हवा. आपण मान वळवली तरी नळ डावीकडेच गळायला हवा. आणि यंत्र फक्त मान मागतं. मान वळव, एवढंच, काय बघायचं ते निवडायचंही मानेनेच. ती त्याच्याकडे होती.

सगळ्यात मोठं म्हणजे कुणी आपल्याकडे बघायचं नाही. मी म्हटलं, अरे पण ते नट आहेत. त्यांना माहीत असतं कॅमेरा कुठे आहे. पैसे घेऊन करतात. तो म्हणाला, माहीत आहे. ते राजी आहेत हे माहीत आहे म्हणूनच बघवतं, नाहीतर मी कुणाच्या घरात डोकावणारा नाही. पण डोक्याचा एक भाग असतो, त्याला हे सांगून उपयोग नाही. एका चित्रणात ती बाई चुकून सरळ कोपऱ्यात बघते. अर्धा क्षण. तेव्हा नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

"लाज वाटली मला," तो म्हणाला. "किती वर्षांनी. हॉस्पिटलात सगळ्यात आधी लाज काढून घेतात, मग कपडे. लाज वाटली म्हणजे मी होतो गं तिथे."

तो खिडकीकडे बघत होता. म्हणाला, माझ्याकडे जो येतो तो काहीतरी तपासतो. डॉक्टर, काका, ताई. तू तर येताना दारातूनच पिशवी बघतेस, मग मला. तिथे एक तास माझ्याकडे कुणी बघत नाही.

मग त्याने मागितलं. तीन वर्षांत त्याने मागितलेली ती एकच गोष्ट. दोन ते तीन कॅमेरा बंद ठेव.

मी म्हटलं, नळी मुडपली तर? तो म्हणाला, हाक मारीन, काका हॉलमध्येच असतात. मी विचारलं, त्या दिवशी मारली होतीस? त्या दिवशी त्याचा आवाज फुटला नव्हता. आम्हा दोघांनाही हे माहीत होतं आणि मी ते बोलले. बोलायला नको होतं. शेवटी मीच कबूल झाले. चष्मा बांधण्याआधी काकांनी नळी तपासायची, पिशवी रिकामी करायची, आणि अडीचला दारावर टकटक करून बाहेरूनच विचारायचं. ॲपमध्ये वेळ लावून दिली. दोन वाजता कॅमेरा घर्र करून मान खाली घालतो, तीन वाजता वर करतो.

सोमवारी दोन वाजता फोनवर काळा चौकोन आला. मी डबा उघडलाच नाही. काकांना तीन फोन केले. "बरो आसा," ते म्हणाले, तिन्ही वेळा. मंगळवारी दोन केले. बुधवारी एक. मला वाटलं, जमतंय.

गुरुवारी अडीचला काकांनी फोन उचलला नाही. मी परत लावला, उचलला नाही. मी जिन्यात जाऊन कॅमेरा चालू केला.

तो ठीक होता. पिशवी दिसत होती, नळी सरळ होती. मला हवं ते सगळं पहिल्या पाच सेकंदांत दिसलं होतं. तिथेच बंद करायला हवं होतं. पण त्याचा चेहरा चष्म्याखाली जेवढा दिसत होता, ओठ, हनुवटी, तेवढा जुना होता. टाकीवर चढायच्या आधीचा. ओठ जरा उघडे, काहीतरी म्हणायच्या बेतात असल्यासारखे. माझ्यासमोर तो चेहरा आता करत नाही. मी जिन्यात उभी राहून बघत राहिले, कठड्याला धरून, आणि मला कळत होतं की हा चेहरा मला एवढ्याचसाठी दिसतोय की मी आहे हे त्याला माहीत नाही. त्याने मला जे समजावायला तासभर घेतला होता ते मला तिथे आपोआप समजलं. माझ्याने बंद होईना.

मग त्याची मान थांबली. कॅमेरा वर उठताना घर्र झाला असणार, ते कानातल्या आवाजातूनही त्याला ऐकू गेलं असणार, आणि इतका वेळ त्याने वाट बघितली असणार.

"आहेस ना?" तो म्हणाला.

कॅमेऱ्याला स्पीकर आहे. मला बोलता आलं असतं. हो म्हणता आलं असतं, सॉरी म्हणता आलं असतं, काका फोन उचलत नव्हते हे सांगता आलं असतं, जे खरं होतं. मी ॲप बंद केलं आणि जाग्यावर जाऊन बसले. काकांचा फोन आला. खाली पाण्याचे जार आले होते, दोन मिनिटं गेलो होतो, म्हणाले.

रात्री जेवण भरवताना तो त्याबद्दल बोलला नाही. मीही नाही. त्याने मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, मी घातलं.

शुक्रवारी काकांनी चष्मा पुढे केला तर नको म्हणाला. शनिवारी नको म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला. दोन ते तीन तो काकांकडून खुर्ची वळवून घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतो, कॅमेऱ्याकडे पाठ. मी ती वेळ अजून लावलेलीच ठेवली आहे, कॅमेरा रोज दोनला बंद होतो. पण त्याने त्याला काय कळणार? मी हवं तेव्हा चालू करू शकते हे त्याला माहीत झालंय, आणि एकदा माहीत झालेलं काढून घेता येत नाही. मी म्हणून बघितलं, परत नाही करणार. तो म्हणाला, मला माहीत आहे गं. इतक्या मायेने म्हणाला की मी पिशवी रिकामी करायला उठले.

यावर एकच उपाय आहे. कॅमेरा भिंतीवरून काढून त्याच्या मांडीवर ठेवायचा. दोन स्क्रू आहेत. दर रविवारी मी वहीत नवीन पान लावते आणि मागच्या पानावरचं राहिलेलं काम पुढच्यावर उतरवते. आज डॉक्टरांची वेळ घेतली, गादीची हवा भरली, नणंदेला फोन केला. स्टूल सकाळीच खोलीत नेलं, स्क्रूड्रायव्हर घेऊन वर चढले. एक स्क्रू अर्धा सैल केला. मग तो खोकला, जरा जास्तच खोकला, आणि मी तो परत आवळून खाली उतरले.

काम पुढच्या पानावर उतरवलं आहे.