कलेजीबाईंचा शब्द

१७ नोव्हेंबर. आज डीप फ्रीझर रिकामा करायचा होता. कलेजीबाई वारल्या, त्यांचं संशोधन बंद झालं, साठवलेलं सगळं रक्त जाळायला पाठवा असा आदेश आला. त्यांची लॅब टेक्निशियन मी, म्हणून काम माझं.

कलेजीबाई हे नाव एटापल्लीकडच्या गावांनी दिलेलं. बाई यकृताच्या रोगावर काम करायच्या. गावात देवाला बोकड कापला की आधी त्याची कलेजी मागून घ्यायच्या, अंगठ्यानं दाबून पाहायच्या आणि म्हणायच्या, "सुटला बिचारा. नाहीतर कुजून मेला असता." लोक हसायचे, पुढच्या वेळी पुन्हा बोलवायचे.

माणसांशीही त्या तशाच बोलायच्या. सुक्रूचं पोट पाण्यानं फुगलेलं. त्याला म्हणाल्या, "तुझी कलेजी दगड झाली. जमीन बायकोच्या नावानं करून टाक."

"बाई, मले मारूनच राह्यल्या का तुमी?"

"मरून तर तू राह्यला. मी नुसती पाहून राह्यली."

सगळ्यात मोठ्यानं सुक्रूच हसला. मोहाची फुलं पडायच्या आत गेला. दारूला तो कधी शिवला नव्हता. न पिणाऱ्याचं यकृत का सडतं, हाच बाईंचा प्रश्न. त्याचं रक्त त्यासाठीच ठेवलेलं.

एकदा मी एका रोग्याला "बरं वाटेल हं" म्हणाले. बाहेर येताच बाईंनी झापलं. "तुला माहीत आहे ते? नाही ना? मग तुझ्या गोड बोलण्यावर त्यानं का म्हणून वाट पाहत बसायचं?"

आणि मग सुक्रूची बायको बुधरी आली. "माणूस पुरला, त्याच्या नावाचा दगड उभा केला. पन त्याचं रगत तुमच्या डब्यात कुडकुडून राह्यलं. अर्धा इथी, अर्धा तिथी, कसा राहीन तो? आणून द्या. त्याच्यापाशी पुरतो."

बाई कधी नव्हे त्या अडखळल्या. "काम झालं की आणून देईन, बुधरी."

बाईंचं एवढंच गोड बोलणं मी ऐकलं, आणि तेवढंच खोटं होतं. रोगाचं रक्त नियमानं कुणाला परत देता येत नाही. जीपमध्ये मी तसं म्हणाले. पुढं दर बाजाराला बुधरी आमची जीप अडवायची. "झालं का काम?"

काम झालंच नाही. बाई हृदय बंद पडून गेल्या. यकृत उत्तम होतं. त्यांच्या रक्ताची तपासणी मीच केली होती.

संध्याकाळपर्यंत नळ्या जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांत भरल्या. सुक्रूची नळी हातात आली. तीही टाकली. गाडी घेऊन गेली.

१८ नोव्हेंबर. सकाळी पहिल्या एसटीनं एटापल्ली गाठली, तिथून पायी बुधरीचं गाव. बुधरी धान कापत होती. बांधावरूनच सांगितलं, "बाई गेल्या. सुक्रूचं रक्त जाळलं."

तिनं विळा खाली ठेवला. "जाळलं? आमी तर त्याले पुरलं होतं ना, बाई."

मी हो म्हणाले. गोड काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते गिळलं.