धाकट्याच्या हिरडीचं ठिगळ

माझा धाकटा भाऊ सोफ्यांना कापड चढवतो. त्याच्या तोडीचा कारागीर आसपास दुसरा नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांत आणायचा, चुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा आणि ठोकायचा. डावा हात कापड ताणायला मोकळा. चहा निवायच्या आत त्याची खुर्ची तयार. आणि हे त्याला शिकवलं कुणी? मी. सातवीत शाळा सोडली मी, पण हाताला अक्कल आहे माझ्या.

वीस वर्षं खिळे धरून धरून त्याचा वरचा पुढचा दात चिरला, पू झाला, शेवटी काढावाच लागला. मी म्हटलं, माझा भाऊ फट घेऊन फिरणार नाही. नवा दात बसवायला हाडात स्क्रू घालून घेतला. चार महिन्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्क्रू घट्ट आहे. पण वरची हिरडी कागदासारखी पातळ आहे, आतला स्क्रू काळा दिसतोय. अशीच राहिली तर वर सरकेल, हाड उघडं पडेल आणि स्क्रू हातचा जाईल. तोंडातल्या टाळूची थोडी कातडी काढून तिथं शिवू."

धाकट्यानं तेव्हा कुठं तोंड उघडलं. "म्हणजे सोफ्याच्या मागचं कापड काढून पुढं ठिगळ."

"अगदी तसंच. पण दोन आठवडे ओठ उचलून बघायचा नाही. ठिगळ हललं तर त्याला रक्त मिळत नाही, मग ते मरतं." हे त्या दोनदा बोलल्या. दुसऱ्यांदा माझ्याकडं बघून.

टाके पडल्यावर चार दिवस धाकटा गार खिमटावर होता. पाचव्या दिवशी सोफ्याचे सांगाडे घेऊन सुतार आला.

"हा का गप्प? बायकोनं तोंड शिवलं काय?"

मी त्याला सगळं ऐकवलं. टाळू, कातडी, केसाएवढे बारीक टाके.

"उगाच फेकू नकोस," तो म्हणाला. "तोंडातली कातडी तोंडातच शिवतात होय?"

मला खोटं म्हटलेलं खपत नाही. मी धाकट्याची हनुवटी धरली आणि ओठ वर केला. "मोज टाके."

धाकट्याचे दोन्ही हात फोममध्ये अडकलेले. तो नुसता "अं, अं" करत राहिला.

"खरंच की," सुतार म्हणाला.

संध्याकाळी धाकटा थुंकला ते लाल. "दादा, रक्त."

"थोडं येतंच," मी म्हटलं. मला काय माहीत, येतं की नाही.

सकाळी बाईंनी बघितलं. अर्धं ठिगळ पांढरं पडलेलं. "ओठ कुणी उचलला?"

"मीच," धाकटा म्हणाला. "आरशात बघत होतो."

मी शेजारी उभा होतो. तोंडात खिळे भरल्यासारखा.

खाली रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "चल, काम पडलंय." मी त्याला तिथंच उभं केलं आणि जिना चढून परत गेलो. "बाई, ओठ मी उचलला होता."

"कळलं होतं मला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "अर्धं जगेल बहुतेक. पण तेवढ्यानं भागणार नाही. दोन महिन्यांनी टाळूच्या दुसऱ्या बाजूनं परत काढावं लागेल. तेही गेलं तर स्क्रूचं मी काही सांगू शकत नाही. आणि खिळे तोंडात आता कायमचे बंद."

आता मी त्याच्याजवळ खिळ्यांचा डबा ठेवलाय. एका खुर्चीला अर्धा दिवस जातो. कापड मी ताणून धरतो, तो ठोकतो. अजूनही एखादा खिळा सवयीनं ओठांपर्यंत नेतो, थांबतो आणि माझ्याकडं न बघता हातोडीला लावतो.

काल सुतार परत आला. "दाखव की, भरलं का ठिगळ."

"सांगाडे तिकडं ठेव," मी म्हटलं, आणि कापड सोडलं नाही.