पात्याचा बाक

आमच्या घरात 'बाक' हा शब्द शिवीच्या जवळपास होता. बाबा नागपूरला लकडगंजच्या एका आरामशीनवर कामाला होते. लाकूड चिरणाऱ्या लांबलचक आऱ्यांची धार बघायची, दात बघायचे आणि मुख्य म्हणजे आरा सरळ आहे की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. आऱ्यात जरासा बाक राहिला तरी फळी नागमोडी निघते आणि गिऱ्हाईक बोंबलत परत येतं. त्यामुळे वाकडं काही दिसलं की बाबांना चैन पडायचं नाही. पडद्याचा रॉड असो, उलथनं असो, शेजाऱ्यांच्या सायकलचा मडगार्ड असो, एक डोळा मिटून ते त्याच्याकडे बघणार आणि म्हणणार, "बाक आहे. काढून देतो." जेवायला बसलं की माझ्या पाठीवर त्यांचा तळवा पडायचा. "बाक काढ वं. नीट बस."

नीट बसणं मला कधी जमलंच नाही. आत्ता हे लिहितानासुद्धा टेबलाखाली माझा पाय हलतोय आणि मलाच त्याचा राग येतोय. आई म्हणायची, हिच्या पायाले भिंगरी आहे. ती भिंगरी कुठेतरी खर्ची पडावी म्हणून मला शाळेत असताना चाकांच्या स्केटिंगला घातलं. तिथून मी बर्फावर कशी गेले ते आमच्या नातेवाइकांना अजून समजलेलं नाही. नागपुरात बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर लग्नात पाण्याच्या टाकीत टाकायची लादी. त्या बर्फावर घसरायला ही पोरगी दिल्लीकडे जाते, यावर गांधीबागेतल्या मामाकडे प्रत्येक दिवाळीत हसून घेतलं जायचं. मीही हसायचे आणि आतून जळायचे.

आमचे स्केटिंगचे सर इथलेच, एका शाळेत शिकवणारे. सराव सगळा चाकांवर, सिमेंटच्या रिंगणात, पहाटे उन्हाच्या आधी. वर्षातून एखाद-दोनदा दिल्लीकडच्या एका मॉलमध्ये खरा बर्फ मिळायचा. माझं वय मुलींच्या गटातून निघायला आलं होतं आणि त्या वर्षीची बर्फावरच्या शर्यतीची निवड चाचणी माझी शेवटची होती. तिच्यात नाव आलं तर थेट बर्फाच्या मैदानावर सरावाचं शिबिर होतं, रोज बर्फ. नाही आलं तर चाकं होतीच. मला दुसरं काहीही नको होतं.

त्या चाचणीसाठी सरांनी खेळ सोडलेल्या एका मुलीची बर्फावरच्या स्केट्सची जोडी मला मिळवून दिली. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मलाही वाटलं होतं की बिघडलेली आहे. बुटाखालचं पातं मधोमध नव्हतं, डावीकडे सरकवलेलं होतं. आणि टोकाकडून बघितलं तर पुरतं सरळही नव्हतं, डावीकडे किंचित वळलेलं होतं. सर हसले. म्हणाले, या शर्यतीत फक्त डावीकडेच वळायचं असतं, उजवीकडे कधीच नाही. वळणावर माणूस इतका झुकतो की हात बर्फाला टेकतो. पातं मधोमध असलं तर बुटाची कड बर्फाला घासते आणि पाय निसटतो. पूर्वी पातं बुटाला रिव्हेट मारून पक्कं बसवायचे, जिथे बसलं तिथे बसलं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की पातं धरणाऱ्या खोबणीत गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवावं, म्हणजे स्क्रू ढिला करून ते सरकवता येईल. पुढे पातं धातूच्या नळीत बसवायला लागले, म्हणजे वळणाच्या मापानं वाकवलं की वाकलेलंच राहतं. "या वाकण्याचंच सगळं काम आहे," सर म्हणाले. मी ती जोडी बॅगेत घालून कॉटखाली ठेवली आणि घरात कोणालाही हात लावू दिला नाही. ओल लागते, गंज चढतो, असं सांगून टाकलं.

सरांना शाळेतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून माझ्यासोबत बाबा निघाले. गाडीत मी दोन डब्यांच्या मध्ये नुसती येरझारा घालत होते. खाली बसवायचं नाही, उभी राहिले की पाय दुखायचे. बाबा मात्र खिडकीशी स्वस्थ बसून शेंगा सोलत होते आणि मधूनच बर्थखालच्या माझ्या बॅगेकडे बघून गालात हसत होते. इतके खुशीत मी त्यांना कमीच बघितलं होतं. मला वाटलं, बाप्पा, यांना माझं कौतुक वाटून राहिलं की काय. जरा बरंही वाटलं.

चाचणी त्याच मॉलमध्ये दुपारी होती. सकाळी अंग मोकळं करायला थोडा वेळ बर्फ मिळाला. मी घाईघाईनं पात्यांवरची प्लास्टिकची टोपणं काढली, बूट बांधले आणि उतरले. सरळ रेषेत ठीक होतं. पहिल्या वळणावर मी झुकले आणि बुटाची कड बर्फावर करकरली. दोन्ही पाय बाहेर गेले आणि मी थेट कडेच्या गाद्यांवर जाऊन आदळले. उठले, पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडल्यावर मी तिथेच बर्फावर बसून बूट उलटा करून बघितला. पातं बुटाच्या बरोबर मधोमध होतं आणि पट्टीसारखं सरळ होतं. त्यावर तेलाचा पातळ हातही फिरवलेला होता. तसं तेल आमच्या घरात एकच माणूस लावतो.

बाबा कठड्यापलीकडे शाल गुंडाळून उभे होते. मी बूट त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, याले हात कोणी लावला?"

"मीच लावला," ते म्हणाले. चेहऱ्यावर अजून ती खुशी होतीच. "तू बाहेर गेली होती तं सरचा फोन आला होता. तिले सांगा म्हणे, निघाच्या आधी पात्याचा बाक पाहून घेजो. मी म्हटलं पोरीले काहून ताप द्याचा, आपणच पाहून घेऊ. लय बाक होता वं. अन् पातंही एका बाजूले सरकलं होतं. शिकंज्यात धरून सगळा काढून टाकला."

सर म्हणाले ते बरोबर होतं. बाबांनी ऐकलं तेही बरोबर होतं. आरामशीनवर 'बाक पाहून घे' याचा अर्थ एकच, तो काढून टाक. तिथे कोणी बाक राखायला सांगत नाही.

मी चिडले, आणि चिडण्यासारखंच होतं. म्हणाले, हा आरा नाही, याच्यात बाक मुद्दाम घातलेला असतो, माझा जीव त्या बाकात होता. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी बूट माझ्या हातातून घेतला, एक डोळा मिटून पात्याकडे बघितलं आणि तसेच बघत राहिले.

"मुद्दाम वाकवते?" ते म्हणाले.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, तिथे कोणाकडे तरी पातं वाकवायचं अवजार असेल, मागून घ्या. दुसऱ्या राज्याच्या एका प्रशिक्षकानं ते दिलं. बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. तसंच काहीतरी ते रोज वापरत असावेत, फक्त उलट कामासाठी. स्क्रू ढिले करून पातं डावीकडे सरकवणं पटकन झालं. वाकवायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात अडला. दांडी धरायचे, जोर लावायचे आणि शेवटच्या क्षणी सोडून द्यायचे.

"हाताले उलटं वाटून राहिलं वं," ते म्हणाले.

"लावा जोर, बाबा. वेळ नाही."

मी त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते, घड्याळाकडे बघत होते, मोजे काढत होते, पुन्हा घालत होते. उजवं पातं जमलं. डावं त्यांनी वाकवलं, पण चोरून वाकवल्यासारखं, थोडंसंच. मी त्यांच्याकडे बघितलं तर कपाळावर घाम होता, तेवढ्या थंडीत. अजून थोडं, असं मी म्हणणार तोच आमच्या गटाचा पुकारा झाला.

शर्यत चांगली गेली हे मी आजही सांगेन. शेवटच्या फेरीपर्यंत मी निवड होईल अशा जागेवर होते. मग शेवटच्या वळणावर डावा पाय जरासा बाहेर सरकला. पडले नाही, सावरले, पण त्या सावरण्यात एक मुलगी आतून निघून गेली. शिबिराची नावं वाचली तेव्हा माझ्या आधीच्या नावावर यादी संपली.

मला रडू आलं नाही, फक्त एकदम थकवा आला. गाडीत बसले तशी झोपले. मध्ये जाग आली तर समोरचा बर्थ रिकामा होता आणि बाबा दोन डब्यांच्या मध्ये येरझारा घालत होते.

घरी पोचलो तर आईनं दारातच विचारलं, "काय झालं वं?"

बाबांनी चप्पल काढता काढता तोंड उघडलं. ते काय सांगणार होते ते मला ठाऊक होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. त्या माणसानं आपल्याला येत होतं ते सगळ्यात चांगलं काम माझ्यासाठी केलं होतं. माझा राग अजून गेला नव्हता, पण तो रागही मला कोणासोबत वाटून घ्यायचा नव्हता.

"बर्फ खराब होता," मी म्हणाले. "कोणालेच जमून नाही राहिलं."

आई त्या बर्फाला आणि त्या मॉलला बरंच काही बोलली आणि पानं घेतली. पिठलं-भाकरी होती. मी ताटावर वाकून जेवत होते. पाठ सरळ करायची ताकद अंगात नव्हती आणि इच्छाही नव्हती. आईनं बघितलं.

"काय कुबड काढून बसली वं? नीट बस. अन् तुम्ही काहून सांगत नाही जी तिले काही?"

पाठीवर तळवा येईल म्हणून मी सवयीनं थांबले. तो आला नाही. बाबा भाकरी मोडत होते, माझ्याकडे न बघता.

"राहू दे तिचा बाक," ते म्हणाले.