सेनापतींच्या पत्राची घडी

आमच्या सोनगीरच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी एक चौकट होती. तिच्यात लढाईच्या वर्षी आजोबांना आलेलं इंग्रजी पत्र, खाली एका नामांकित सेनापतींची निळ्या शाईतली सही. आजोबांनी फौजेला शेंगदाण्याची पोती पाठवली होती, त्याचे आभार. या पत्रावरून शाळेत मी किती फुशारक्या मारल्यात ते आठवलं की आता लाज वाटते.

यंदा दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून मी मेहरूणहून गावी गेले. चौकट उतरवताना मागचा पुठ्ठा निसटला आणि पत्र हातात आलं. त्याला मधोमध घडी होती! दोन परिच्छेद आत दाबलेले. चौकट लहान पडली म्हणावं, तर खाली चार बोटं जागा मोकळी. म्हणजे ही घडी आजोबांनी मुद्दाम घातलेली.

आत लिहिलं होतं की पोत्यांबरोबर आलेले दाण्याचे लाडू बर्फातही टिकले, जवानांनी ते पुरवून पुरवून खाल्ले. आणि एक विनंती होती: ज्या अकरा जणींनी ते वळले, त्यांना एकत्र बसवून हे पत्र वाचून दाखवा.

वाचलं कोणी? लाडू वाटेतच खराब झाले, म्हणून साहेबांनी त्यांचं नावही काढलं नाही, असंच सारं गाव धरून चाललं. गुळाचा पाक शेजारच्या अक्कांनी केला होता; त्या अकरा जणींपैकी आता त्याच तेवढ्या उरल्यात. त्यानंतर एकाही लग्नात त्यांनी पाकाला हात लावला नाही.

"नाना, तुले माहीत व्हतं?" मी वडिलांना विचारलं.

त्यांनी नजर चुकवली. "आते काय फरक पडस? तशीच घडी घाल, मढाई टाक."

माझं डोकंच फिरलं. ज्या आजोबांच्या मांडीवर मी वाढले, त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता. पत्र घेऊन तडक अक्कांच्या ओट्यावर गेले आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली.

अक्कांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"पाक कच्चा नही व्हता मंग?"

"नही, अक्का."

त्या सरकल्या, मला शेजारी जागा करून दिली.

"आखो एकदाव वाच. जोरमा वाच, माय. बाकीन्या बठ्ठ्या दूर गयात."