कंपाउंडरकाकांचं लॅटिन

भंडारा जिल्ह्यात घाबरण्यासारखं जे काही होतं, त्या सगळ्याला घाबरण्याचं काम आमच्या शेजारच्या कंपाउंडरकाकांनी एकट्याने अंगावर घेतलं होतं. ते कुत्र्यांना घाबरत, एस.टी.च्या हॉर्नला घाबरत, वैनगंगेला तर उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं असतानाही घाबरत. इंजेक्शन देताना ते स्वतःच तोंड फिरवायचे आणि पेशंटच त्यांना धीर द्यायचा, "टोचा काका, काही होत नाई." आणीबाणी आली तेव्हा त्यांच्या भीतीला जणू सरकारी मान्यताच मिळाली. नसबंदीची जीप चौकात दिसली, की तीन नातवंडांचे हे आजोबा धानाच्या कोठीमागे जाऊन बसायचे.

असा हा माणूस गाण्याला मात्र घाबरत नसे. तरुणपणी ते एका मिशनच्या दवाखान्यात होते. तिथल्या म्हाताऱ्या परदेशी पाद्र्याने त्यांना तीनचारशे वर्षांपूर्वीची लॅटिन गाणी शिकवली होती, त्याच्या देशातही लोक विसरून गेले होते अशी. वाद्य एकही नाही. चार माणसं चार वेगळ्या चाली एकदम गातात आणि तरी भांडण होत नाही. ही गाणी मरू नयेत म्हणून काकांनी आमच्या पवनी गावात मंडळ काढलं. त्यात सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, बाजारातला एक टेलर, सर्वांत वरच्या सुरात काका आणि सर्वांत खाली मी. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला पोरगा. राजे आणि पोप यांच्यासाठी रचलेलं गाणं मला तत्त्वतः मान्य नव्हतं. काकांना तसं सुनावलं, तर म्हणाले, "पोप मेला, बापू. सुरानं तुहं काय बिघडवलं?"

ताल धरायची त्यांची रीत पाद्र्याकडूनच आलेली. गोलात उभं राहून प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर बोटाने ठोका द्यायचा. बोट दाबून धरलं, की त्या माणसाने गप्प राहायचं. काका माझ्या मागे असत. त्यांचं बोट कायम थरथरायचं, पण ठोका चुकत नसे.

एका रविवारी दुपारी आम्ही दार लोटून गात होतो. चार माणसांनी दार लोटून काही करणं हाच त्या दिवसांत गुन्हा होता, आणि बाकाखालच्या माझ्या झोळीत सरकारविरोधी पत्रकं होती. दार ढकलून हवालदार आत आला. भीतीने आम्हाला थांबायचंही सुचेना. काकांचे तर डोळेच मिटलेले. हवालदाराने त्यांच्या खांद्यावर काठीने टकटक केलं, काकांनी तोच ठोका समजून गाणं संथ केलं, आणि त्यांच्यामागून आम्ही सगळेच संथ झालो.

"हे कोनत्या भाषेत बोंबलून राहिले?" हवालदार ओरडला.

"लॅटिन आहे, साहेब," काका डोळे उघडत म्हणाले.

"कोनती पार्टी आहे हे?"

"पार्टी नाई जी. देवाचं गानं."

"मंग दार लावून कायले?"

"मले कुत्र्याचं भेव वाटते जी."

हवालदार हसलाही असता, पण त्याला झोळी आणि तिच्यातून डोकावणारी पत्रकं दिसली. "हे कोनाची?"

'माझी' म्हणायला तोंड उघडलं, तोच खांद्यावर काकांचं बोट दाबलं गेलं. ते थरथरत होतं, पण उचललं जात नव्हतं. सवयीने मी थांबलो.

"माही आहे, साहेब," काका म्हणाले.

त्यांचे पाय इतके लटपटत होते, की पायऱ्या उतरताना हवालदारालाच हात द्यावा लागला. मी मागोमाग ठाण्यावर गेलो, झोळी माझी आहे म्हणालो. फौजदाराने मान वर न करता सांगितलं, "बुढ्यानं कबुलीवर सही केली. तू घरी जा."

निवडणुका लागेपर्यंत काका तुरुंगात होते. सुटून आले ते अर्धे होऊन. मी रागातच विचारलं, "तत्त्व माहं, काका. जेलात तुम्ही कायले गेले?"

"तू खालचा सूर," ते म्हणाले. "तू गेला असता तं बाकीचे उभे कायच्यावर राहिले असते?"

"अन् भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना. अजून वाटूनच राहिलं."

काही वर्षांनी काका गेले. त्यांच्या अंगणात आम्ही तिघांनी एक गाणं म्हटलं. वरचा सूर आमच्यातल्या कोणालाच जमत नव्हता, म्हणून त्याची जागा तशीच ठेवली. जमलेल्या लोकांना काही कमी वाटलं नाही. त्यांना वाटलं, गाणं असंच असेल.